चौघांत मिळून ‘कॅसेट’चा गेम: एनईएससाठी नवा गेम कसा घडवावा

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील ज्या घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला, त्यांतील बऱ्याच घरांत निन्टेंडोचे मूळ यंत्र नव्हते, तर १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या, निन्टेंडोच्याच फॅमिकॉमची स्वस्त नक्कल होती. हेच फॅमिकॉम १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस (निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टीम) या नावाने गेले. आपण ज्याला ‘कॅसेट’ म्हणत होतो, त्या प्लॅस्टिकच्या डबीत कसलीही फीत नव्हती. आत फक्त प्रोग्रॅम आणि चित्रे साठवलेल्या चिप असत. या यंत्राचा अंतर्भाग हौशी मंडळींनी इतक्या बारकाईने उलगडून ठेवला आहे की, तीन-चार जणांनी फावल्या वेळात त्याच्यासाठी नवा गेम लिहिणे आज पूर्णपणे शक्य आहे. आम्ही चौघे, म्हणजे दोघे प्रोग्रॅमर, एक चित्रकार मैत्रीण आणि एक संगीतकार मित्र, गेले वर्षभर एसटीच्या कंडक्टरवर असा एक गेम करीत आहोत. पुढील मार्गदर्शन त्या अनुभवाच्या आधारे लिहिले आहे.

पहिली बैठक गेमच्या गोष्टीवर खर्च करू नये, ती बाइटांच्या वाटणीसाठी ठेवावी. साध्यातील साधी कॅसेट, जिला या क्षेत्रात ‘एनरॉम’ म्हणतात, तीत प्रोग्रॅमसाठी ३२ केबी आणि चित्रांसाठी ८ केबी जागा असते. यंत्राची स्वतःची कामाची मेमरी अवघी २ केबी, म्हणजे २०४८ बाइट असते. त्यातील २५६ बाइट ‘झिरो पेज’चे (मेमरीचा पहिला, सर्वांत झटपट वापरता येणारा भाग), २५६ स्टॅकचे (प्रोसेसरची तात्पुरती नोंदवही) आणि २५६ स्प्राइटांच्या, म्हणजे हलणाऱ्या आकृत्यांच्या तुकड्यांच्या, तक्त्याचे धरले की, उरतात १२८०. संगीत वाजवणाऱ्या कोडलाही त्यातूनच शे-दोनशे लागतात. या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. मॉर्फकॅट गेम्सने २०१९ मध्ये काढलेला ‘मायक्रो मेजेस’ हा चार खेळाडूंचा गेम याच ४० केबीत बसवलेला आहे. मात्र कोणाच्या वाट्याला किती जागा, हे पहिल्याच दिवशी एका सामायिक तक्त्यात लिहून काढावे आणि त्या तक्त्याची राखण एकाच व्यक्तीकडे द्यावी. ही व्यक्ती शक्यतो नाही म्हणायला न संकोचणारी असावी. आमच्याकडे हे काम चित्रकार मैत्रिणीकडे आहे आणि प्रोग्रॅमरांकडे ते नाही, याचा फायदा प्रोग्रॅमरांनाच सर्वाधिक झाला आहे.

कल्पना यंत्राच्या मापाने तपासावी, हे सांगायला सोपे आहे. आम्हाला ते शिकायला दोन महिने लागले. या यंत्रात हलणाऱ्या आकृत्या ८ बाय ८ ठिपक्यांच्या स्प्राइटांनी बनतात. पडद्यावर एकूण ६४ स्प्राइट ठेवता येतात, परंतु एका आडव्या रेषेवर ८ पेक्षा अधिक दिसत नाहीत. आमच्या गेममध्ये बसच्या मधल्या वाटेत प्रवासी उभे असतात आणि कंडक्टर त्यांच्यातून तिकिटे फाडत पुढे सरकतो. प्रत्येक आकृती १६ ठिपके रुंद, म्हणजे आडवे दोन स्प्राइट. चार प्रवासी आणि एक कंडक्टर मिळून दहा झाले, आणि तेही नेमके एकाच रेषेवर. स्प्राइटांच्या तक्त्यात जे आधी ते आधी काढले जात असल्यामुळे आणि आम्ही प्रवासी आधी ठेवल्यामुळे, चौथा प्रवासी चढला की कंडक्टरच नाहीसा होई. गर्दीत कंडक्टर न दिसणे वास्तवाला धरून असले, तरी खेळणाऱ्याला ते पटेना.

अशा वेळी दोन उपाय असतात. स्प्राइटांचा क्रम प्रत्येक चित्रचौकटीत बदलत ठेवला की, सर्वच आकृत्या आळीपाळीने लुकलुकतात. जुन्या गेममध्ये गर्दी झाली की दिसणारी लुकलुक बहुधा हीच असते. दुसरा उपाय, जो आम्ही निवडला, तो म्हणजे उभे प्रवासी स्प्राइट म्हणून काढायचेच नाहीत, ते पार्श्वभूमीच्या टाइलांनी (८ बाय ८ ठिपक्यांचे स्थिर चित्रतुकडे) रंगवायचे आणि फक्त कंडक्टर व दारातून चढणारा-उतरणारा एक प्रवासी स्प्राइट ठेवायचा. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. पार्श्वभूमीला तीन-तीन रंगांचे चारच पॅलेट (रंगसंच) मिळतात, शिवाय सर्वांना सामायिक असा एक रंग, आणि पॅलेट १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनालाच लावता येतो. त्यामुळे प्रवासी त्या चौकोनांच्या जाळीवरच उभे करावे लागतात, नाहीतर एकाच्या सदऱ्याचा रंग शेजाऱ्याच्या बाहीवर चढतो. पार्श्वभूमी बदलण्यासाठी वेळही अत्यंत थोडा मिळतो. पडदा रंगवून झाल्यावर पुढचे चित्र सुरू होईपर्यंतचा जो विराम असतो, तो जपानी-अमेरिकी यंत्रावर सुमारे २२७० सायकलींचा, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांचा, असतो. त्यातील ५१३ किंवा ५१४ सायकली स्प्राइटांचा तक्ता चित्रचिपकडे पाठवण्यात जातात आणि उरलेल्यात साध्या लूपने जेमतेम शंभर-सव्वाशे बाइट लिहून होतात. १६ बाय ३२ ठिपक्यांच्या प्रवाशाला आठ टाइल लागतात, म्हणून आम्ही ठरवले की एका चौकटीत एकच प्रवासी बदलायचा. हा नियम सामायिक तक्त्यात लिहिलेला असल्यामुळे नंतर कोणीही ‘सगळी बस एकदम रिकामी होते’ असा प्रसंग सुचवला नाही.

भाषेच्या निवडीबाबत फार वाद घालू नये. सीसी६५ हा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) सी आणि यंत्राच्या अगदी जवळची असेम्ब्ली अशा दोन्ही भाषा स्वीकारतो, त्यामुळे गेमचे नियम सीमध्ये आणि चित्रविरामातील घाईचे काम असेम्ब्लीत, अशी विभागणी दोन प्रोग्रॅमरांत सहज होते. सीमध्ये लिहिणाऱ्याने आपली संगणकावरची सवय मात्र बाजूला ठेवावी. प्रोसेसर ६५०२ च्या घराण्यातला, आठ बिटांचा आहे. शक्य तेथे बिनचिन्ही (ऋण संख्या नसलेले) एक बाइटाचे चल (व्हेरिएबल) वापरावेत, ते फंक्शनच्या आत न ठेवता जागतिक ठेवावेत आणि गुणाकार-भागाकार टाळून तक्ते वापरावेत. जागेची मर्यादा लिंकरच्या (कोडचे सुटे भाग जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नेमकी लिहिलेली असेल, तर कोड जागेबाहेर सांडताच बिल्ड, म्हणजे गेमची बांधणी, तिथेच थांबतो आणि कोणाच्या वाट्याचा भाग सांडला हेही कळते.

सामायिक काम गिटवर (सर्वांचे बदल नोंदवून एकत्र करणारी प्रणाली) ठेवावे, हे सांगायला नकोच. परंतु टाइलांची फाइल बायनरी असते, मजकुराची नसते, आणि दोघांनी केलेले बदल गिट त्यात एकत्र करू शकत नाही. आमचा सर्वांत लाजिरवाणा घोटाळा येथेच झाला. चित्रकार मैत्रिणीने एका रविवारी टाइलांचा पसारा आवरला, सारख्या टाइला शेजारी आणल्या, मधल्या रिकाम्या जागा काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी गेम चालवला तर सुट्ट्या पैशांच्या जागी ड्रायव्हरचा अर्धा कान दिसत होता, कारण कोडमध्ये आम्ही टाइलांचे क्रमांक जसेच्या तसे लिहून ठेवले होते. त्यानंतर दोन नियम केले. टाइलला जागा एकदा मिळाली की ती हलवायची नाही. नको झाली तर रिकामी ठेवायची. आणि कोडमध्ये क्रमांक कधीच लिहायचा नाही, नाव लिहायचे. नावे आणि क्रमांकांची फाइल एक छोटी पायथन स्क्रिप्ट प्रत्येक बिल्डच्या वेळी स्वतः तयार करते.

मराठीत गेम करायचा असेल, तर अक्षरांचा प्रश्न याच टप्प्यावर सोडवावा. इंग्रजीला सव्वीस अक्षरे, दहा अंक आणि काही चिन्हे पुरतात, प्रत्येकाला एक टाइल. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, उकार खाली लोंबतो, जोडाक्षरांची संख्या मोजत बसू नये. आठ ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेषा, अक्षर आणि उकार तिन्ही वाचनीय राहत नाहीत, म्हणून ओळीची उंची १६ ठिपके धरावी. आम्ही सुट्या अक्षरांचा नाद सोडला. गेममध्ये लागणारे शब्द अखंड चित्र म्हणून काढले आणि स्क्रिप्टने त्यांचे ८ बाय ८ चे तुकडे पाडून एकसारखे तुकडे एकदाच ठेवले. ४० ठिपके रुंद शब्दाला दहा टाइल लागतात, असे दहा शब्द झाले की पार्श्वभूमीच्या २५६ टाइलांपैकी शंभर संपतात. म्हणून शब्द निवडावे लागतात. ‘कृपया सुट्टे पैसे द्यावेत’ हे वाक्य आमच्या बसमध्ये केवळ ‘सुट्टे द्या’ झाले, आणि खरे कंडक्टरही तेवढेच म्हणतात, हे नंतर लक्षात आले.

संगीतासाठी फॅमिस्टुडिओ किंवा फॅमिट्रॅकर या संगीत रचण्याच्या प्रोग्रॅमांपैकी जे संगीतकाराच्या हाताला बसेल ते घ्यावे, मात्र त्याचे वाजवणारे कोड प्रोग्रॅमरांनी पहिल्याच महिन्यात गेमला जोडून द्यावे. यंत्रात दोन पल्स (चौकोनी लहरीच्या), एक त्रिकोणी लहर, एक नॉइज (खरखर) आणि एक ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारी अशा आवाजाच्या पाचच वाहिन्या आहेत, आणि प्रत्येक ध्वनिपरिणाम त्यांतलीच एखादी क्षणभर हिसकावून घेतो. आमच्या गेममध्ये एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, म्हणून घंटी स्पष्ट ऐकू येणे भागच होते. ती दुसऱ्या पल्सवर वाजते आणि संगीतकार मित्राने मुख्य चाल कायम पहिल्या पल्सवर ठेवली आहे. त्रिकोणी लहरीचा आवाज कमी-जास्त करता येत नाही, हे त्याला आधी सांगितले असते तर त्याचे दोन आठवडे वाचले असते.

दर शनिवारी, काम कितीही अर्धवट असो, चालणारी एक रॉम फाइल (कॅसेटमधील सगळे संगणकाच्या एका फाइलीत) सर्वांनी खेळावी. रोजच्या तपासणीसाठी मेसेन हा इम्युलेटर, म्हणजे संगणकावर या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, उत्तम आहे. त्यात मेमरी, टाइला आणि स्प्राइटांचा तक्ता थेट पाहता येतो. यंत्र सुरू करताना मेमरीत यादृच्छिक मूल्ये भरण्याची सोयही त्यात आहे आणि ती नेहमी चालू ठेवावी, कारण खऱ्या यंत्रात सुरुवातीला मेमरी शून्य असेलच याची कसलीही हमी नसते. आपले चल आपण स्वतः शून्य केले नसतील, तर संगणकावर निर्दोष चालणारा गेम टीव्हीवर पहिल्याच पडद्यावर वेडावतो.

खऱ्या यंत्रावरची चाचणी शेवटासाठी राखून ठेवू नये. एव्हरड्राइव्ह एन८ सारख्या फ्लॅश कॅसेटीत मेमरी कार्डावरून रॉम चढवता येते. विकत घेताना ६० पिनांची फॅमिकॉमची हवी की ७२ पिनांची एनईएसची, हे पाहून घ्यावे. आपल्याकडच्या जुन्या नकलांना सहसा ६० पिनांची लागते. या नकला आपल्या टीव्हीप्रमाणे सेकंदाला ५० चौकटी दाखवतात, तर जपानी-अमेरिकी यंत्र सुमारे ६०. चौकटी मोजून चालणारा गेम त्यामुळे आपोआप सहाव्या हिश्शाने संथ होतो आणि संगीतही तसेच रेंगाळते. आम्ही सुरुवातीलाच यंत्राचा वेग मोजणारे थोडेसे कोड लिहिले आणि ५० च्या यंत्रावर दर पाचव्या चौकटीला गेमचे नियम व संगीत एक पाऊल जास्त चालवले. सांगलीच्या मित्राकडे माळ्यावर सापडलेल्या जुन्या यंत्रावर हे पहिल्यांदा चालवले, तेव्हा घंटी वेळेवर वाजली, बस मात्र सुटली नाही, कारण त्या कंट्रोलरचे स्टार्टचे बटण मेलेले होते. आता गेम ‘ए’ बटणानेही सुरू होतो.