क्यूआय कोलॅबोरेटिव्हमध्ये नवीन आहात? आधी व्याख्येवरून भांडून घ्या

एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स) झालं, अमेरिकेतल्या एखाद्या काउंटी हेल्थ डिपार्टमेंटमध्ये लागलात, आणि थोड्याच दिवसात सुपरवायझर म्हणतो की शेजारच्या काउंटीजबरोबर क्यूआय कोलॅबोरेटिव्ह (क्यूआय म्हणजे क्वालिटी इम्प्रूव्हमेंट, कामाचा दर्जा सुधारायला अनेक डिपार्टमेंट्सनी मिळून केलेला गट) सुरू होतंय, आपल्याकडून तू बस. बऱ्याच जणांचं असंच होतं, कारण नवीन माणसाकडे वेळच वेळ असतो असं सगळ्यांना वाटतं. पीडीएसए, फिशबोन, एम स्टेटमेंट ही क्यूआयची नेहमीची साधनं तुम्ही कोर्समध्ये केली आहेत, ते परत सांगत नाही.

या कोलॅबोरेटिव्हचा साचा मूळचा हॉस्पिटलवाल्यांचा. इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटने १९९५ मध्ये ब्रेकथ्रू सिरीज काढली, म्हणजे बऱ्याच टीम्सनी एकाच विषयावर ६ ते १५ महिने काम करायचं, अधूनमधून लर्निंग सेशनला एकत्र यायचं, मधल्या काळात आपापल्या जागी बदल करून बघायचे. पब्लिक हेल्थमध्ये हे पसरवण्यात रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या पैशावर चाललेल्या मल्टी-स्टेट लर्निंग कोलॅबोरेटिव्हचा मोठा हात होता, त्याच्या २००८ ते २०११ च्या टप्प्यात १६ राज्यं होती आणि त्यात लोकल डिपार्टमेंट्सचे छोटे छोटे गट केले होते. २०११ मध्येच पब्लिक हेल्थ ॲक्रेडिटेशन बोर्डाचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे डिपार्टमेंट्सना मिळणारी मान्यता, सुरू झालं, त्यात क्यूआयचं काम दाखवावं लागतं. म्हणून काही डिपार्टमेंट्स मनापासून येतात आणि काही फाइलला कागद हवा म्हणून. कोण कुठलं ते पहिल्याच मीटिंगला कळतं. फाइलवाल्यांना नावं ठेवू नका, बहुतेकदा त्यांच्याकडे माणसंच नसतात.

आता ज्यात आमचा अख्खा गट अडकला ते, आणि हे मी लांबण लावून सांगणार आहे.

आमचं माप कागदावर एकदम साधं होतं: साल्मोनेलाचा (खाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) लॅब रिपोर्ट आल्यापासून किती तासात रुग्णाला फोन गेला. माप चांगलंच आहे, कारण आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यात काय काय खाल्लं हे विचारायचं असतं आणि फोन जितका उशिरा तितकं माणूस जास्त विसरतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, सगळ्यांनी आकडे पाठवले, एका चार्टवर सगळ्या काउंटीजच्या रेषा आल्या, एक एकदम फास्ट, एक एकदम स्लो. पुढची मीटिंग स्मशानशांतता. स्लोवाल्या काउंटीचे डायरेक्टर त्यानंतर यायचेच बंद झाले.

मग शीट्स उघडून एकेक ओळ बघितली तेव्हा कळलं की प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. एकीकडे रिपोर्ट राज्याच्या सिस्टिममध्ये पडला की वेळ सुरू, दुसरीकडे नर्सने तो उघडला की सुरू. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ६ ला आलेला रिपोर्ट सोमवारी सकाळी ८ ला उघडून ९ ला फोन केला, तर पहिल्याकडे ६३ तास आणि दुसरीकडे १ तास! काम डिट्टो तेच. तिसरी काउंटी फक्त ऑफिसचे तास मोजत होती. आणि 'फोन गेला' म्हणजे काय यावर तर वेगळंच महाभारत, कोणी व्हॉइसमेल ठेवला तरी झालं म्हणत होतं, कोणी पूर्ण इंटरव्ह्यू झाल्याशिवाय मोजतच नव्हतं. जी काउंटी स्लो दिसत होती ती सगळ्यात प्रामाणिकपणे मोजत होती, एवढंच.

तर व्याख्या लिहा. घड्याळ कुठे सुरू, कुठे बंद, सुट्टीचे दिवस धरायचे का, चुकीचा नंबर असेल तर ती केस ठेवायची की काढायची, वेळ कोण टाकणार. आणि लिहून थांबू नका. नावंगावं काढलेल्या त्याच ५ केसेस सगळ्यांना द्या, प्रत्येकाने आपल्या जागी बसून मोजायच्या, मग उत्तरं शेजारी ठेवायची. जुळली नाहीत तर व्याख्या अजून झालेली नाही. यात पहिला महिना गेला तरी जाऊ द्या. कोणीतरी म्हणेलच की आपण अजून काही सुरूच केलं नाही, म्हणू दे.

घाबरून जाऊ नका पण. हे एकदा जमलं की पुढचं खरंच सोपं आहे.

लहान काउंटीत असाल तर किती केसेसना वेळेत फोन गेला याची महिन्याची टक्केवारी काढू नका. महिन्याला ३ केसेस असतील तर एका केसने आकडा ६७ वरून १०० वर जातो आणि लगेच कोणीतरी केक आणतं. त्यापेक्षा एकेक केस क्रमाने रन चार्टवर (वेळेच्या क्रमाने पॉइंट्स आणि मधे मीडियनची, म्हणजे मधल्या आकड्याची, रेषा) टाका, मीडियनच्या एकाच बाजूला सलग ६ पॉइंट्स आले की शिफ्ट, सलग ५ चढते किंवा उतरते आले की ट्रेंड, त्याच्या आत नाचायचं नाही. आणि आपली रेषा आपल्याच जुन्या रेषेशी लावा, शेजारच्या काउंटीकडून शिकायचं ते त्यांनी काय बदललं एवढंच.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. ग्रीन बेल्ट (सिक्स सिग्मा या क्वालिटीच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) करा, रेझ्युमेवर छान दिसतो, पण ग्रीन बेल्टवाल्या कन्सल्टंटला ती शुक्रवारची भानगड दिसली नव्हती. आम्हाला ती दाखवली डेटा एंट्री करणाऱ्या बाईंनी, ज्यांना मीटिंगला कोणी बोलावलंच नव्हतं. मेंटॉर शोधायचा तर असा शोधा, टेम्प्लेट फॉरवर्ड करणारे ढीगभर मिळतील. दुसऱ्या काउंटीची बेस्ट प्रॅक्टिसची पीडीएफ उचलून लावणं तर विसराच, त्यांच्याकडे शनिवारी ड्युटीवर नर्स असते, तुमच्याकडे नसते, मग काय लावणार?

एक शेवटचं. या डिपार्टमेंट्समध्ये माणसं सतत बदलतात, आणि नवीन आलेला माणूस त्याला बरोबर वाटेल तसं मोजायला लागतो, कोणाला न सांगता. म्हणून व्याख्या वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये ठेवू नका, शीटच्या पहिल्याच ओळीत तारखेसकट टाका आणि ती ओळ फ्रीझ करा. चार्ट अचानक सुधारलेला दिसला तर अभिनंदनाची मेल पाठवायच्या आधी विचारून घ्या की आता डेटा कोण टाकतंय.