नव्या रोड बाईकचे मागचे गिअर जुळत नाहीत? स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

फ्रेम एकीकडून मागवायची, ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा पूर्ण संच) दुसरीकडून, चाकं ओळखीतल्या कुणाची घ्यायची आणि सायकल घरीच जोडायची, ही हौस आता गोव्यात चांगलीच रुजली आहे. २०१९ साली मिरामारला पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली. आज दोनापावला, रायबंदरच्या रस्त्यांवर पहाटे रोड बाईक दिसल्या तर कुणी वळून बघत नाही. पण अशा नव्या जोडलेल्या सायकलींबद्दल एक तक्रार हटकून कानावर येते: मागचा गिअर नीट पडत नाही. चेन मागच्या चाकावरच्या दोन दातेरी चकत्यांच्या मध्ये कडकड करत राहते, नाहीतर एका क्लिकला काहीच होत नाही आणि पुढच्या क्लिकला दोन गिअर एकदम पडतात. मग माणूस पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तासन् तास बसतो.

वर्षभर चोख चाललेले गिअर बिघडले, तर केबल मळली असेल किंवा काहीतरी झिजलं असेल, असं म्हणायला जागा असते. पण जी सायकल पहिल्या दिवसापासून एकदाही नीट चाललेली नाही, तिचा दोष बहुधा सेटिंगमध्ये नसतो. तो जोडणीत असतो, किंवा एकमेकांशी न जुळणाऱ्या भागांत असतो. असा दोष स्क्रू फिरवून जात नाही. उलट चार स्क्रू हलवून ठेवले की खरा दोष कुठे होता, तेच कळेनासं होतं.

हँगर नवा आहे म्हणजे सरळच असणार, असं धरून चालणं

चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर बसतो, तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. धक्का बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी, हा त्यामागचा हेतू. मुंबई, पुणे किंवा बंगळूरहून खोक्यात आलेली फ्रेम वाटेत कुठे दाबली गेली असेल, हे तुम्हाला माहीत नसतं. रंगाचा जाड थर हँगरच्या बैठकीत राहिला, तरी हँगर तिरका बसतो. सायकलच्या मागे उभं राहून बघा: डिरेलरच्या दोन्ही पुली (चेन ज्यांवरून जाते ती छोटी चाकं) आणि वरची चकती एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. अर्थात नजरेला थोडाच वाक कळतो. हँगर तपासायचं हत्यार चांगल्या दुकानात असतं. ते लावून रिमच्या चारी बाजूंना अंतर मोजतात आणि फरक ४ मिलिमीटरच्या आत आणतात. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटला (मागच्या चकत्यांच्या संचाला) हँगर जितका सरळ तितकं बरं. सायकल नवी असली तरी पहिला खर्च मी यावरच करायला सांगतो.

डिरेलर बसवताना आणखी एक गोष्ट बघायची. बी-स्क्रूचं (पुली चकतीपासून किती दूर राहील ते ठरवणाऱ्या स्क्रूचं) टोक हँगरच्या खाचेच्या मागच्या बाजूला टेकलं पाहिजे. ते पुढे अडकवून बोल्ट आवळला तर नवा कोरा हँगर तिथेच वाकतो.

केबलचं आऊटर (बाहेरचं आवरण) पक्कडीने कापणं

माझ्या मते नव्या सायकलींचे निम्मेअधिक दोष इथेच असतात. डिचोलीतल्या एका मित्राच्या सायकलवर मोठ्या चकतीकडे जाताना गिअर ठीक पडत होते, पण लहान चकतीकडे येताना अडखळत होते. हे लक्षण नीट ओळखून ठेवा. मोठ्या चकतीकडे चेन तुमचं बोट ओढून नेतं, लहान चकतीकडे मात्र तिला डिरेलरची स्प्रिंग परत आणते. केबल कुठे घासत असली तर बोटाच्या जोरापुढे ते लपतं आणि स्प्रिंगच्या वेळी उघडं पडतं. आम्ही मागचा वळसा काढून आऊटरचं टोक उजेडात धरलं. साध्या पक्कडीने कापल्यामुळे तारा आत वळल्या होत्या आणि आतली प्लॅस्टिकची नळी दाबून नुसती फट उरली होती. केबल कटरने सेंटीमीटरभर कापलं, कानशीने टोक सपाट केलं, दाभणाने नळीचं तोंड गोल उघडलं, नवी टोपी चढवली. एकही स्क्रू न फिरवता गिअर मोकळे झाले.

ब्रेकचं आऊटर गिअरला कधीही वापरू नका. त्यातल्या तारा स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे ओढ आली की ते दबतं आणि दर क्लिकला केबलची थोडी ओढ त्यातच मुरते. गिअरच्या आऊटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात. केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर पुढच्या-मागच्या केबलने आत एकमेकींना पीळ दिलेला नाही ना, हेही बघा. आणि डिरेलरवर केबल बोल्टाच्या नेमून दिलेल्या खाचेतूनच जायला हवी. ती चुकीच्या बाजूने गेली की प्रत्येक क्लिकचं माप बदलतं.

‘दोन्ही १० स्पीडचेच आहेत ना’ म्हणून भाग जोडणं

एका क्लिकला शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा लिव्हर) किती केबल ओढतो आणि तेवढ्या ओढीला डिरेलर किती सरकतो, हे प्रत्येक पिढीत सारखं नसतं. शिमानोचा टियाग्रा ४७०० दहा गिअरचाच आहे, पण त्याची ओढ ११ स्पीडच्या रोड ग्रुपसेटसारखी आहे. त्याचे शिफ्टर शिमानोच्याच जुन्या १०५ मालिकेतल्या ५७०० मॉडेलच्या डिरेलरला जोडले तर ते कधीच जुळत नाहीत. आपल्याकडे आणखी एक प्रकार होतो. चोर्ला घाट चढायचा म्हणून मोठी कॅसेट घेतात आणि तिच्यासाठी १० स्पीडचा एमटीबी (माउंटन बाईकचा) डिरेलर बसवतात. रोड शिफ्टरशी त्याचं गणित जमत नाही. घाटासाठी लांब केजचा (पुली जिच्यात बसतात ती चौकट लांब असलेला) रोड डिरेलर घ्या. १०५ आर७००० च्या लांब केजला ३४ दातांची चकती चालते, आखूड केजला ३० पर्यंतच.

कॅसेटचंही तेच. १० स्पीडच्या चकत्यांमधलं अंतर ३.९५ मिलिमीटर असतं, ११ स्पीडमध्ये ते सुमारे ३.७ मिलिमीटर. एका पायरीला फरक किरकोळ, पण नऊ पायऱ्यांत तो जवळपास २ मिलिमीटर होतो, म्हणजे अर्ध्या चकतीचं अंतर. म्हणूनच लहान चकत्यांवर गिअर जुळवले की मोठ्यांवर बिघडतात आणि मोठ्यांवर जुळवले की लहानांवर. हँगर सरळ असूनही असं होत असेल तर सेटिंग थांबवा आणि प्रत्येक भागावरचा मॉडेल नंबर वाचा.

११ स्पीडच्या रोड फ्रीहबवर (मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर) १० स्पीडची कॅसेट चढवताना मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर (बिनदातांची पातळ कडी) घालावा लागतो. शिमानोच्या काही १० स्पीड कॅसेटना त्यावर १ मिलिमीटरचा आणखी एक लागतो. लॉकरिंग (कॅसेट पकडून ठेवणारी रिंग) ४० न्यूटन मीटरने आवळल्यावरही कॅसेट हाताने खुळखुळत असेल तर हा स्पेसर राहून गेला आहे.

चेन डिरेलरच्या केजमधल्या छोट्या पट्टीच्या चुकीच्या बाजूने गेली तर प्रत्येक गिअरमध्ये खरखर येते. चेन जोडलेल्या जागी कडी कडक राहिली तर ठरावीक फेऱ्यांनी झटका बसतो. मागचं चाक ड्रॉपआउटमध्ये (फ्रेममधल्या चाकाच्या खाचेत) पुरतं बसलं नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

उलट्या क्रमाने सेटिंग करणं

हे सगळं तपासून झाल्यावरच स्क्रू. केबल सोडून ठेवा आणि लहान चकतीकडची हद्द ठरवणाऱ्या एच स्क्रूने वरची पुली सर्वांत लहान चकतीच्या बाहेरच्या कडेखाली आणा. मग डिरेलर हाताने ढकलून एल स्क्रूने मोठ्या चकतीची हद्द बांधा. ही हद्द सैल राहिली तर चढावर चेन आऱ्यांत जाते. त्यात डिरेलर तुटतो आणि माणूसही पडतो, म्हणून इथे घाई नको. त्यानंतर केबल बांधा, ती हाताने दोनचारदा जोरात ओढून आऊटर आपापल्या जागी बसू द्या आणि सैल झालेली केबल पुन्हा आवळा. मोठ्या चकतीवर असताना बी-स्क्रूने पुली आणि चकती यांच्यात ५-६ मिलिमीटर अंतर ठेवा. बॅरल, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारी फिरकी, सगळ्यात शेवटी. चेन मोठ्या चकतीकडे जायला कुचराई करत असेल तर मागून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी, लहानकडे यायला करत असेल तर सुलट पाव फेरी. तीनचार वेळा फिरवूनही जमत नसेल तर वर सांगितलेलं काहीतरी राहिलं आहे.

शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ताण थोडा उतरतो. तो बॅरलने भरून काढायचा, त्यात बिघाड काही नाही. आपल्या खाऱ्या हवेसाठी केबल स्टेनलेस स्टीलचीच घ्या. केबल फ्रेमच्या बाहेरून जात असेल तर बॉटम ब्रॅकेटखाली (पॅडलचा आस बसतो त्या भागाखाली) ती ज्या प्लॅस्टिकच्या खाचेतून जाते, ती खाच पावसाळ्यात दर आठवड्याला सायकल उलटी करून धुवा. तांबडी माती तिथे बसून वाळते आणि गिअर अडण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.