स्नॅथ: उभ्या विळ्याचा दांडा इंदुरात कसा घडवायचा

नांगराच्या रुमण्याला आपण नुसता दांडा म्हणत नाही. तसंच इंग्रजीत सायथच्या, म्हणजे उभ्याने गवत कापायच्या लांब विळ्याच्या, दांड्याला वेगळं नाव आहे: स्नॅथ. शब्द जुन्या इंग्रजीतला आहे. गावोगावी त्याचे स्नीड, स्नेथ असे उच्चारही झाले. वेगळं नाव असायला कारण आहे. दोन मुठी, विशिष्ट उंची आणि पात्याशी ठरावीक कोन नसेल, तर नुसत्या काठीला पातं बांधून गवत कापलं जात नाही, झोडपलं जातं.

पातं पार्सलने येतं, पण दीड मीटरचा दांडा मागवणं महाग पडतं. तो इथेच करावा. बरसीम आणि रिजका (लसूणघास) कापायला ६० ते ६५ सें.मी.चं पातं पुरे. सोयाबीनच्या वाळलेल्या काड्यांवर ते चालवू नका. पातं पातळ असतं, धार चिरते.

इंग्लंडात स्नॅथला अ‍ॅशचं लाकूड वापरतात. आपल्याकडे त्याला जवळचं धामण: चिवट, लवचीक आणि फार जड नाही. लाकडाच्या पीठ्यावर, म्हणजे वखारीत, हेच मागा. धावडा कुऱ्हाडीला उत्तम, पण इथे जड पडतो, तासाभरात खांदे भरून येतात. लाठीचा भरीव बांबू हलका आणि स्वस्त, मात्र पातं दांड्याला आवळून धरणाऱ्या लोखंडी कड्याखाली चिरतो. बांबूच घ्यायचा तर खालचं टोक पेराच्या गाठीवर येऊ द्या आणि पोकळी असेल तिथे लाकडी खुंटा ठोका. लाकूड कोणतंही असो, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात. रेषा तिरकी बाहेर पडत असेल तिथेच दांडा मोडतो. ओलं लाकूड तर घेऊच नका. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते आकसतं आणि कडं खुळखुळतं.

मापं कापणाऱ्याच्या अंगावरून घ्यायची. दांडा जमिनीवर उभा धरा. खालची मूठ खुब्याच्या सांध्याच्या उंचीवर आणि तिथून वरची मूठ एक हात वर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला हे साधारण ८४ आणि १२९ सें.मी. येतं. एकूण लांबी हनुवटीपर्यंत. बसून विळा चालवायची सवय असलेले लोक हटकून दांडा आखूड करतात, आणि मग कंबर धरते.

रंध्याने जाडी ३० ते ३५ मि.मी.वर आणा. खालचे १५ सें.मी. मात्र चौकोनीच ठेवा, कारण पात्याची शेपटी, म्हणजे दांड्याला जोडायचा भाग, सपाट बाजूवरच नीट बसते. खालची मूठ १२ सें.मी.च्या खुंटीवर दांड्यापासून उंच बसवा, म्हणजे वाकावं लागत नाही. मुठींना आधी खिळा मारू नका. दोन दिवस बोल्टवर चालवून बघा, जागा दोन-तीन सें.मी. सरकतेच.

शेपटीच्या टोकाला बोंडासारखा उंचवटा असतो. त्याच्यासाठी पटाशीने ८ ते १० मि.मी. खोल खाच करा, कडेला चिकटून नको. कडं चढवा, बोंड खाचेत बसवा, कड्याचे दोन्ही स्क्रू शेपटीवर आवळा. कडं पात्यासोबत आलं नसेल तर लोहाराकडून करून घ्या. स्क्रू इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतात. दहा मिनिटं कापल्यावर पुन्हा आवळायचे, कारण लाकूड दबतं.

आता कोन. खरी अडचण इथेच येते. दांड्याचं वरचं टोक भिंतीपाशी जमिनीवर टेकवा, पातं वर. पात्याच्या टाचेशी धार जिथे सुरू होते, त्या उंचीला भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. टेकवलेलं टोक जागचं न हलवता दांडा कलता करत पात्याचं टोक खुणेखाली आणा. ते खुणेपेक्षा ३ ते ४ सें.मी. खाली असावं. कोन याहून उघडा असेल, म्हणजे टोक खुणेच्या आणखी जवळ येत असेल, तर प्रत्येक फेरीत जास्त गवत येतं, ओढ वाढते आणि टोक मातीत घुसतं. नवशिक्याने कोन थोडा मिटलेलाच ठेवावा.

शेवटी दोन्ही मुठी धरून कापायच्या पवित्र्यात उभे राहा आणि पातं जमिनीवर टेकवा. ते पोटावर सपाट बसून धार किंचित वर राहायला हवी. धार मातीत जात असेल किंवा फारच वर असेल, तर शेपटी आणि लाकूड यांच्यामध्ये सागाची पातळ पाचर घाला. पाचर पुढून घातली तर कल एकीकडे जातो, मागून घातली तर दुसरीकडे. दोन्ही करून बघा. दोन मिलिमीटरनेही फरक पडतो.

दांड्याला व्हार्निश नको, हात घसरतो आणि फोड येतात. जवसाचं तेल दोन-तीन हात चोळा. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा. काम नसेल तेव्हा स्क्रू सैल करून, पातं काढून, दांडा सावलीत आडवा दोन खुंट्यांवर ठेवा. भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर पावसाळ्यात वाकतो.