परात, तांब्या आणि बारा टॉवेल

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात, तेव्हा परात-तांब्या सांभाळायचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आमच्या इंदूरच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधी, हिंदीत असते, मागची कुजबुज मात्र मराठीत. यंदा नवी मुलं हाताखाली येणार, म्हणून लिहून ठेवतेय.

पाणी सकाळीच बादलीत भरून झाकून ठेवा. एप्रिलात गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळीही चटका देतं. बोटाने नको, कोपर बुडवून बघा. एकदा मी घाईत गीझरचं पाणी तसंच नेलं. समोरचे काका हूं की चूं करेनात. नंतर बघते तर पाऊल लालबुंद! त्यांना मधुमेह, पायाला जाणीवच नाही. तेव्हापासून आधी विचारते. अशांचे पाय परातीत बुडवून ठेवू नका, नुसतं पाणी ओता आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करा.

टॉवेल प्रत्येकाला वेगळा, दोन जास्तीचे. परात उभ्याने वाकून सरकवू नका. फादर गुडघ्यावर बसलेले असतात, तुम्हीही टेका.

माणसं निवडणं खरं कठीण. 2016 पासून पोप फ्रान्सिस यांच्या परवानगीने बायकाही बसू शकतात. झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारा. त्या ‘माझे पाय? नको गं बाई’ म्हणतील. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्रही आधी नाहीच म्हणाला होता. मी स्वतः एकदा बसले तर भेगाळलेल्या टाचा साडीत लपवत होते. बाकीचे पार्लरमधून पाय घासून येतात. येऊ देत.

आणि ज्याच्याशी आपलं पटत नाही, असं एक नाव यादीत हवंच. येशूने त्याला दगा देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले. इथे जवळच्या उदयनगरात काम करणाऱ्या जोगीण सिस्टर राणी मारिया यांचा 1995 मध्ये खून झाला. मारणाऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन राखी बांधली. मला तेवढं जमायचं नाही. पण गेल्या वर्षी सातव्या खुर्चीवर माझ्या जाऊबाई होत्या. चार वर्षं बोलणं नाही. टॉवेल मीच पुढे केला. त्यांनी घेतला, पाय पुसले आणि घडी घालून परत दिला.

घडी कशाला घातली, ओला तर होता.