हायस्कूलच्या पोरांना इंजिनिअरिंगची चव द्यायचीय? समरमध्ये कम्युनिटी कॉलेजचा एक कोर्स घेऊन बघा

कॅलिफोर्नियात, त्यातही बे एरियात राहणाऱ्या मराठी आईबाबांसाठी लिहितोय. बाकीच्या राज्यांत नियम वेगळे आहेत, तिथलं तिथे बघून घ्या.

आधी आमचा गाढवपणा सांगतो. मोठ्याला दहावीनंतरच्या समरमध्ये एका नावाजलेल्या कॅम्पसवरच्या दोन आठवड्यांच्या महागड्या प्रोग्रामला घातला, घरी आला तेव्हा हातात टी-शर्ट आणि सर्टिफिकेट, आणि काय शिकलास विचारलं तर म्हणे स्लाइड्स दाखवल्या. कॅम्पस मोठ्या युनिव्हर्सिटीचा असला म्हणजे तिथे पुढे अ‍ॅडमिशन सोपी होते असं काही नसतं, हे आम्हाला पैसे भरल्यावर कळलं. धाकटीच्या वेळी शहाणे झालो आणि थेट गावातलं कम्युनिटी कॉलेज (म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) गाठलं.

पण कोर्सच्याही आधी एक करा. घरी स्पगेटीचा पूल बांधायला लावा. जॉन्स हॉपकिन्सच्या हायस्कूलवाल्यांच्या समर कोर्समध्ये हीच स्पर्धा असते, आणि त्याला लागतं काय तर कोरडी स्पगेटी, ग्लू आणि दोन खुर्च्या. आमच्या धाकटीने पहिला पूल लांब लांब काड्यांचा केला, मधोमध बादली टांगली, मी वाटीवाटीने तांदूळ ओतत होतो, सातव्या वाटीला वरची काडी धनुष्यासारखी वाकली आणि सगळे तांदूळ कार्पेटवर. स्पगेटी ताणली तर बऱ्यापैकी टिकते, दाबली की वाकून तुटते, आणि काडीची लांबी अर्धी केली की वाकायला साधारण चौपट भार लागतो. हे मी सांगितलं नाही (मोठा मोह झाला होता), तिनेच दुसऱ्यांदा आखूड काड्यांचे त्रिकोण केले आणि मग विचारलं की असं का होतं. पोर "असं का" विचारायला लागलं की कॉलेजच्या वेबसाइटवर जायचं. तोपर्यंत "बेटा, स्कोप आहे" वगैरे भाषण अजिबात नको, आपण ते सगळं ऐकूनच इंजिनिअर झालो आणि अर्धे जण आज दिवसभर एक्सेलमध्ये असतो.

आता प्रोसेस. फ्रीमाँटवाल्यांना ओलोनी, सांता क्लाराला मिशन, हेवर्डला शॅबो, आपल्याला जवळ पडेल ते. सीसीसी अप्लायवर (कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांची अर्जाची वेबसाइट) मुलाच्या नावाने अर्ज करायचा, कॉलेज एक स्टुडंट आयडी देतं, मग हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठीचा वेगळा फॉर्म असतो त्यावर पालकाची आणि शाळेची सही लागते. समर सुरू होण्याच्या आधी शाळेला सुट्टी लागते आणि काउन्सेलर गायब होतात, त्यामुळे सही एप्रिलमध्येच घेऊन ठेवा. फी सेमिस्टरवाल्या कॉलेजांत युनिटला (कोर्सचं क्रेडिट मोजायचं माप) ४६ डॉलर, पण पार्ट-टाइम येणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना बऱ्याच ठिकाणी माफ असते, मग उरतात पुस्तकं, पार्किंग आणि किरकोळ फिया. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, तिथला युनिटचा हिशोब वेगळा. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांना शिकायला आडकाठी नाही, रेसिडेन्सीचे कागद तेवढे आधी विचारून घ्या.

रजिस्ट्रेशनमध्ये हायस्कूलवाल्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, म्हणजे चांगले क्लास तोपर्यंत भरलेले असतात. घाबरायचं नाही. वेटलिस्टवर नाव टाकायचं आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचं, न आलेल्यांना प्रोफेसर ड्रॉप करतात आणि जागा झाली की वर्गात नाव घालायचा अ‍ॅड कोड मिळतो. धाकटीला असाच मिळाला.

कोर्स कोणता? इंट्रो टू इंजिनिअरिंग समरला लागला असेल तर पहिला तोच, नाहीतर कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन काढणं) किंवा एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा. स्टॅटिक्सच्या (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा हिशोब) वाटेला जाऊ नका, त्याला कॅल्क्युलस आणि फिजिक्स आधी झालेलं लागतं. आणि एकच कोर्स घ्या, प्लीज. तीन युनिटचा कोर्स म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून साधारण १४४ तास, ते सहा आठवड्यांत बसवायचे म्हणजे आठवड्याला २४ तास. त्यात तीन आठवडे पुण्याला आजीकडे जायचं तिकीट काढलेलं असेल तर विसरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. हा ग्रेड खरा कॉलेजचा ग्रेड आहे, ट्रान्सक्रिप्टवर कायमचा राहतो, यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अर्जात लपवता येत नाही. त्यामुळे ड्रॉपच्या दोन्ही तारखा फ्रिजवर चिकटवा: पहिलीच्या आत सोडला तर काहीच दिसत नाही, दुसरीच्या आत सोडला तर डब्ल्यू येतो, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची नोंद. आणि फर्पा नावाच्या, विद्यार्थ्यांची माहिती खाजगी ठेवणाऱ्या कायद्यामुळे पोरगी पंधरा वर्षांची असली तरी कॉलेज तिचा ग्रेड तुम्हाला सांगत नाही, मी फोन करून बघितलाय, काउंटरवरच्या बाईंनी फार गोड आवाजात नाही सांगितलं. प्रोफेसरला ईमेल तिनेच करायचा, ऑफिस अवर्सला तिनेच जायचं. पहिला ईमेल लिहायला तिला पाऊण तास लागला, आणि मला गप्प बसायला त्याहून जास्त त्रास झाला.

राहून शिकायचं असेल तर यूसीचा कॉसमॉस नावाचा समर प्रोग्राम आहे, चार आठवडे, डेव्हिस, सॅन दिएगो वगैरे कॅम्पसवर, अर्ज हिवाळ्यातच भरायचा. एमआयटीचा माइट्स समर फुकट आहे पण त्याला सिटिझन किंवा ग्रीन कार्ड लागतं, शिवाय आत शिरणं फार अवघड, दोन्हीकडे अर्ज टाका पण त्या भरवशावर कॉलेजची जागा सोडू नका.

कोर्स संपला की सिलॅबसची पीडीएफ लगेच डाउनलोड करून ठेवा. पुढे दुसऱ्या राज्यातल्या किंवा प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत क्रेडिट मागायला गेलात तर ते सिलॅबस मागतात, आणि तोपर्यंत कॉलेजने त्या वर्गाचं पेज बंद केलेलं असतं.