गर्द शेवाळी: स्क्रीनवरचा आणि पुठ्ठ्यावरचा

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मेतकुटाचा खोका आणि त्याच ब्रँडचं ॲप अशी दोन्ही कामं माझ्याकडे आली. रंग ठरला गर्द शेवाळी: लाल ४७, हिरवा ७९, निळा ६२. लॅपटॉपवर इतका देखणा दिसला की प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, न बघताच मी फाइल प्रेसला पाठवली.

छापून आला तो काळपट तपकिरी. प्रेसवाले काका म्हणाले, "मॅडम, तुमच्या स्क्रीनला मागून लाइट आहे. पुठ्ठ्याला कुठला?" चूक माझीच होती. हा हिरवा छपाईच्या नेहमीच्या चार शायांतून (निळसर सायन, गुलाबी मजेंटा, पिवळी, काळी) बनवला की मजेंटा जरासा चढला तरी रंग तपकिरीकडे झुकतो. त्यात कोटिंग नसलेला पुठ्ठा शाई पितो. शिवाय प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी, त्या प्लेटा केसभर सरकल्या आणि गर्द रंगात पांढऱ्या सोडलेल्या बारीक अक्षरांत 'ऊर्जा'चा रफार बुजला. पोषणतक्त्यात 'ऊजा'!

आता असा रंग मी स्पॉट कलरमध्येच देते. तयार मिसळलेली एकच शाई, एकच प्लेट. क्लायंट खर्चावरून कुरकुरतो, कुरकुरू दे. शेड कार्ड, म्हणजे शायांच्या छापील नमुन्यांचं कार्ड, मात्र आपल्या कागदाचं बघा, कोटेड आणि अनकोटेड वेगळी असतात. मॅट लॅमिनेशन, म्हणजे वरून बिनचकाकीचा पातळ थर, करणार असाल तर त्याचा तुकडा कार्डावर ठेवून उन्हात न्या. गडद रंग त्याखाली थोडा विटका वाटतो.

शाकाहाराचा हिरवा ठिपका या रंगावर हरवतो, आणि नियमाप्रमाणे तो उठून दिसायलाच हवा. त्याची पांढरी जागा पहिल्या स्केचमध्येच धरा. मी ती शेवटी घुसवली, ठिगळच दिसलं.

मळकट हिरव्याचं गणित नाजूक असतं. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये सिगारेटच्या पाकिटांना मुद्दाम नकोसा वाटणारा रंग दिला, त्याला आधी 'ऑलिव्ह ग्रीन' म्हटलं गेलं, तर तिथले ऑलिव्हवाले नाराज झाले!

ॲपमध्ये मी निर्धास्त होते. या हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, ९:१ भरतो, साध्या मजकुराला ४.५:१ पुरतो. मग एका रात्री आईने ॲपमधल्या खरेदीच्या पिशवीच्या आयकॉनबद्दल विचारलं, "अगं, ती पिशवी कुठे गेली?" तिच्या फोनला डार्क मोड होता. जवळजवळ काळ्यावर आमचे शेवाळी आयकॉन जेमतेम २:१, लागतात ३:१. डार्क मोडसाठी त्याच रंगाचा धुरकट, फिकट शेड वेगळा बनवला, तेव्हा कुठे तिला पिशवी सापडली.