जुन्या शिडाच्या होडीचा डेक गळतोय? आधी सांधे उकरा

डेक गळायला लागला की लोक रंगाचा डबा आणतात. जाड कोट मारून गळती थांबत नाही. उलट आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं आणि लाकूड सडतं. सडवतं ते पावसाचं गोडं पाणी. खाऱ्या पाण्याला लोक उगाच घाबरतात. कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही, त्यामुळे सागवानी डेक समुद्राच्या पाण्याने धुतलेला केव्हाही बरा.

आत थेंब पडतो त्याच्या बरोब्बर वर फट शोधत बसू नका. पाणी आडव्या तुळईच्या कडेने लांबवर सरकून मग टपकतं. टोचा घ्या आणि डोलकाठीभोवतालची जागा, कठड्याच्या खांबांची बुडं आणि कडेची रुंद फळी टोचून बघा. टोचा लोण्यासारखा घुसला तर ते लाकूड गेलं. त्यावर इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर कडक होणारी राळ, ओतून वेळ मारून नेऊ नका. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्याच जातीचा तुकडा बसवा. डेकवर बसवलेल्या फिटिंगची भोकं मोठी करून इपॉक्सीने भरा, मग त्यातूनच नवीन भोक पाडा.

आता फळ्यांमधले सांधे. डेक वाचतो की जातो ते इथेच ठरतं. पाणी अडवायला त्यांत भरलेला जुना मसाला उकरायला यंत्र वापरू नका. ते एकदा घसरलं की फळीची कड गेली, आणि कड गेली की सांधा कायमचा वाकडा. जुन्या कानसीची शेपटी तापवून वाकवा, तिला धार लावा आणि तिने सावकाश ओढा. दोन्ही भिंतींवर स्वच्छ, कोरडं लाकूड दिसलं पाहिजे. काळी रेघ राहिली तर नवा मसाला लाकडाला नाही, त्या रेघेला चिकटेल. सागात तेल असतं, म्हणून प्रायमरच्या (मसाला नीट धरावा म्हणून आधी लावायच्या थराच्या) जरा आधी अ‍ॅसिटोनने पुसा. आदल्या दिवशी पुसून ठेवलंत तर तेल परत वर येतं.

अख्ख्या फळ्यांचा डेक असेल तर तळाशी कापसाची वात ठोकतात. मोगरी बेताने चालवा. सुकलेल्या सांध्यात वात ठासून भरली तर फळ्या भिजून फुगल्यावर एकमेकींना रेटतात आणि खिळे उचकटतात. डेक प्लायवर चिकटवलेला असेल तर खाचेच्या तळाला पातळ टेप लावा, मसाला न चिकटणारी. ही पायरी गाळणारे फार आहेत. मसाला दोन भिंतींना धरून ताणला गेला पाहिजे. तळालाही चिकटला तर फळ्या आक्रसताना त्याला ताणायला जागा उरत नाही आणि तो कडेने सुटतो. वरून फट दिसतही नाही, पण पाणी आत जात राहतं.

मसाला म्हणून पॉलिसल्फाइड घ्या, ते सुकल्यावर रबरासारखं लवचिक राहतं. सिलिकॉन अजिबात नको. ते निघून गेलं तरी त्याचा अंश लाकडात राहतो, मग त्यावर दुसरं काही धरत नाही. नळीचं टोक तळाला टेकवून भरा, थोडं वर येऊ द्या आणि पात्याने दाबा. उन्हात भरू नका. तापत्या लाकडातली हवा बाहेर येते आणि मसाल्यात बुडबुडे धरतात. काम संध्याकाळी, लाकूड निवत असताना करा.

वरचा थर सुकला म्हणजे आतलं झालं असं नाही. डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण होऊ द्या. मग एका टोकाला पटाशीने थोडा भाग सोडवून ओढा: स्वतःच फाटला तर पकड चांगली आहे, भिंतीवरून साफ सुटला तर तेवढा सांधा पुन्हा. नंतर धारदार पटाशीने फुगीर भाग उतरवा आणि पॉलिश पेपर हलका मारा.

पाण्याची चाचणी एकदम सगळ्या डेकवर नको. खालच्या कडेपासून एकेक पट्टा भिजवत वर या, आणि आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. पुढे धुताना मऊ ब्रश वापरा, तोही लाकडाच्या रेषांना आडवा. प्रेशर वॉशर डेकच्या आसपासही आणू नका. रेषांमधलं मऊ लाकूड तो खरवडून काढतो.